आधी राखण, मग हौस

घरात स्वतःचा सर्व्हर असावा, ही हौस आता सुशिक्षित मराठी घरांतही शिरली आहे. हौस वाईट नाही. आपली छायाचित्रे, दस्तऐवज, वडीलधाऱ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज परक्याच्या कोठारात टाकून निर्धास्त झोपणाऱ्यांपेक्षा हे हौशी लोक मला केव्हाही शहाणे वाटतात. मी त्यांच्याच पंगतीतला. म्हणूनच त्यांच्याशी भांडण्याचा मला हक्क आहे.

परक्या कोठारांचा भरवसा किती धरावा? २०१९ साली मायस्पेसवर तीन वर्षांहून जुनी गाणी आणि छायाचित्रे नाहीशी झाल्याचे उघड झाले. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची सर्व्हरची एक अख्खी इमारत जळाली. त्याच वर्षी १ जूनपासून गूगलने छायाचित्रांचे अमर्याद मोफत अन्नछत्र आटोपते घेतले. तेव्हा घरचे कोठार हवे, यात वाद नाही. वाद आहे तो आराखड्याचा.

आमच्या हौशी मित्रांचा आराखडा पाहावा. पहिल्या ओळीत प्रोसेसर. दुसऱ्या ओळीत रॅम, ६४ गीगाबाइट की १२८? मग व्हर्च्युअल मशीन किती चालतील याचा हिशेब. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रे नांदवण्याची ही किमया आयबीएमने १९७२ सालीच बाजारात आणली होती. आज ती प्रॉक्समॉक्ससारख्या मोफत प्रणालीने घरच्या टेबलावर साधते. कौतुक करावे तेवढे थोडे. पण दुसरी प्रत कोठे ठेवणार, असे विचारले की उत्तर ठरलेले: “रेड आहे ना!”

माझे भांडण या तीन शब्दांशी आहे. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ साली ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात. त्यांतली एखादी बिघडणारच, म्हणून काम अडू नये इतकी जादा माहिती राखून ठेवावी. काम अडू नये, एवढेच तिचे काम. तुम्ही चुकून फाइल पुसली, तर जोडीच्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. समोरचा दिवा विझला की आरशातलाही विझतो. चोर तर पेटीच उचलून नेतो. तो डिस्क मोजत बसत नाही.

कोणी म्हणेल, झेडएफएस आहे, स्नॅपशॉट आहेत. आहेत, आणि उत्तम आहेत. माहितीत शिरलेली कीड झेडएफएस ओळखते, दुसरी प्रत धड असेल तर दुरुस्तही करते. स्नॅपशॉटमधून पुसलेली फाइल परत मिळते. पण हे सारे त्याच पेटीत, त्याच डिस्कांवर. घरात पाणी शिरले तर स्नॅपशॉट काय पोहून बाहेर येणार?

दुसरी सबब पैशांची. ती मला मान्य नाही. कचेरीतून मोडीत निघालेला सर्व्हर स्वस्त पडला म्हणून मिरवणाऱ्याने विजेचे बिल पाहावे. दीडशे वॅट अखंड खाणारे यंत्र वर्षाला १३१४ युनिट जाळते. तीस वॅटचे छोटे यंत्र २६३. फरक हजार युनिटांहून अधिक. आपल्या दराने गुणाकार ज्याचा त्याने करावा. बाहेर ठेवायच्या डिस्कचे पैसे त्यातच दडलेले सापडतील.

आमच्या घरी आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे एक ध्वनिमुद्रण आहे. आजी गेली, जातेही गेले. चित्रपट पुन्हा मिळतो. व्हर्च्युअल मशीन, तिची कृती लिहून ठेवली असेल तर, एका संध्याकाळी पुन्हा उभी राहते. ओव्या पुन्हा मिळणार नाहीत. आराखड्याची पहिली ओळ म्हणून ही असली पाहिजे: आपल्याकडे पुन्हा न मिळणारे काय आहे? त्याच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, बहिणीच्या किंवा मित्राच्या गावी, कुलूपबंद सांकेतिक रूपात. प्रयोगाच्या मशीनना या ठेव्यात लिहिण्याची मुभा नसावी, वाचण्याची पुरे. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशांत हवे तेवढे गाभे आणि हवी तेवढी रॅम घ्यावी.

आणखी एक गोष्ट हौशी माणसाला मुळीच रुचत नाही. परवलीचा शब्द त्याच्या एकट्याच्या डोक्यात असतो. तो माणूस उद्या नसला, तर घरच्यांच्या दृष्टीने त्या सर्व्हरची किंमत एका गुणगुणणाऱ्या पत्र्याच्या डब्याएवढी. परक्याच्या कोठारावर आक्षेप घ्यायचा आणि आपल्याच बायकामुलांना घरच्या कोठारात परके करायचे, हा कोठला न्याय? परवलीचा शब्द आणि माहिती परत मिळवण्याची रीत साध्या मराठीत कागदावर लिहून कपाटात ठेवा.

ही दिवाळी संपण्यापूर्वी तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या आणि घराबाहेरच्या प्रतीतून एक जुने छायाचित्र परत आणायला सांगा. तुम्ही मात्र तोंड उघडू नका. ते आले, तर तुमच्या घरी सर्व्हर आहे असे मी म्हणेन. नाही आले, तर प्रोसेसरच्या गप्पा मला सांगू नका.