कॅमेरा कोणाच्या खांद्यावर?

सत्य घटनेवर आधारलेला गुन्हेपट पाहून प्रेक्षक बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या मनात कोण घर करून राहिलेले असते? आमच्या मते अशा चित्रपटाची पारख याच एका प्रश्नाने व्हावी. खुन्याचे टोपणनाव, त्याचा पोशाख, त्याची चाल, त्याची फुशारकी हे सारे ध्यानात राहिले आणि ज्याचा प्राण गेला तो मात्र ‘तो वाटेत भेटलेला माणूस’ एवढाच उरला, तर चित्रपट कितीही कुशलतेने बांधलेला असो, त्याने मृताला दुसऱ्यांदा मारले असे आम्ही म्हणू. हे विधान कठोर आहे याची आम्हांस जाणीव आहे. ते का करावे लागते, हे एका चित्रपटाच्या आधारे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

स्वीडिश दिग्दर्शक योनास ऑकरलुंड यांचा ‘लॉर्ड्स ऑफ केऑस’ हा चित्रपट २०१८ साली सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेला. मायकेल मॉयनिहान आणि डिड्रिक सोडरलिंड यांच्या १९९८ च्या त्याच नावाच्या पुस्तकावरून तो बेतला आहे. विषय आहे नॉर्वेतील ‘ब्लॅक मेटल’ या संगीतप्रवाहाभोवती घडलेल्या गुन्ह्यांचा. कर्कश गिटार, झपाट्याने वाजणारा ढोल, किंकाळीसारखा गळा आणि प्रेतासारखा रंगविलेला चेहरा ही या संगीताची बाह्य लक्षणे. ऑकरलुंड स्वतः तरुणपणी ‘बाथरी’ या स्वीडिश मेटल वाद्यवृंदात ढोल वाजवीत असत, तेव्हा परक्या माणसाने केलेली ही लुडबुड आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. ‘मेहेम’ या वाद्यवृंदाचा गायक पेर यंग्वे ओलिन, रंगमंचावरील नाव ‘डेड’, याने एप्रिल १९९१ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी आत्महत्या केली. त्याचा सहकारी गिटारवादक ऑयस्टाइन ऑर्सेथ, टोपणनाव ‘युरॉनिमस’, याने पोलिसांना कळविण्याआधी प्रेताची छायाचित्रे काढली. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचे फांटोफ्टचे लाकडी चर्च जळून खाक झाले. २१ ऑगस्ट १९९२ रोजी ‘एम्परर’ या वाद्यवृंदाचा ढोलवादक बार्ड आइथुन याने लिलेहामर येथे एका अनोळखी माणसाचा भोसकून खून केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑस्लोजवळचे होल्मेनकोलेनचे चॅपेल जाळण्यात आले. १० ऑगस्ट १९९३ रोजी ‘बुरझुम’चा वर्ग विकर्नेस याने ऑर्सेथ याला त्याच्याच घरी ठार केले. १९९४ साली विकर्नेसला २१ वर्षांची आणि आइथुनला १४ वर्षांची शिक्षा झाली. विकर्नेस २००९ साली तुरुंगाबाहेर आला.

ख्रिस्ती वाचकाच्या मनात येथे चटकन एक शंका येईल: चर्चे जळाली म्हणून हा आमचा संताप आहे काय? ती जळाल्याचे आम्हांस दुःख आहेच. फांटोफ्टचे चर्च सुमारे ११५० साली, म्हणजे नॉर्वेत धर्मसुधारणा पोहोचण्यापूर्वी जवळजवळ चारशे वर्षे, सोन प्रांतातील फोर्टुन या गावी उभे राहिले. ज्या पूजाविधीचे आपण वारस आहोत तोच विधी त्या लाकडी छपराखाली कित्येक पिढ्या चालला. १८८३ साली ते मोडकळीतून वाचविण्यासाठी फांटोफ्टला हलविले गेले. अशा मध्ययुगीन लाकडी चर्चांपैकी नॉर्वेत आज अवघी २८ शिल्लक आहेत. जळालेल्या चर्चची प्रतिकृती १९९७ साली पुरी झाली. परंतु आठशे वर्षांचे लाकूड कोणत्याही सुताराला परत आणता येत नाही. एवढे असूनही आमचा आक्षेप धार्मिक भावनांच्या नावाने नाही. भावना दुखावल्या म्हणून चित्रपट बंद पाडण्याची जी चाल आपल्या देशात पडली आहे तिचा आम्हांस तिटकारा आहे. आणि हिंसा दाखवूच नये असे तर आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्यांच्या प्रत्येक मंदिरात वेदीच्या वर खिळे ठोकलेला देह टांगलेला आहे, ज्यांच्या चित्रकारांनी हुतात्म्यांच्या यातना शतकानुशतके रंगविल्या, त्यांना रक्ताचे वावडे असू शकत नाही. मात्र त्या क्रूसापुढे उभा राहणारा माणूस खिळे ठोकणाऱ्याकडे पाहत नाही, खिळलेल्याकडे पाहतो. आमचा सारा वाद या नजरेविषयीचा आहे.

‘लॉर्ड्स ऑफ केऑस’मध्ये नजर कोणाची? निवेदन करतो तो मृत ऑर्सेथ. कथा त्याची, विनोद त्याचे, शेवटचा शब्दही त्याचाच. त्याच्या भोवती सहानुभूतीचे वलय उभे राहावे म्हणून बव्हंशी कल्पित अशी एक प्रेयसी त्याला बहाल केली आहे. तिच्या सहवासात तो हळवा होतो, जुन्या बढायांना कंटाळतो, केस कापतो, आणि मृत्यू येतो तो नेमका सुधारणेच्या उंबरठ्यावर. ऑर्सेथ हाही एक बळीच होता आणि त्याचा खून हा खूनच होता, हे कोण नाकारील? पण लिलेहामरच्या त्या माणसाला चित्रपट किती जागा देतो? मारला जाण्यासाठी लागते तेवढीच. तो अंधारातून येतो, दोन शब्द बोलतो, झाडीत जातो आणि संपतो. तो कोठून आला, घरी त्याची वाट पाहणारे कोण होते, यांपैकी काही नाही. वास्तविक या प्रकरणातील सर्वांत भेदक नाट्य येथेच दडले होते. हा खून कोणी केला हे त्या टोळक्यातील मुलांना लागलीच कळले होते. तरी आइथुनला अटक झाली ती वर्षभरानंतर, ऑर्सेथच्या खुनाचा तपास सुरू झाल्यावर. म्हणजे एक संपूर्ण वर्ष मृताचे आप्त अंधारात होते आणि काही तरुण ती गोष्ट मनात ठेवून गाणी बसवीत होते, तबकड्या विकत होते. ज्याला चित्रपट आपला नायक करतो तो ऑर्सेथही त्या मौनात सामील होता. त्या वर्षाचा चित्रपट कोणी काढला असता तर आम्ही त्याला हात जोडले असते.

त्या माणसाचे नाव आम्हीही येथे छापलेले नाही, असे कोणी म्हणेल. ते न्यायालयाच्या दप्तरात आहे. नाव छापावे की नाही हे त्याच्या आप्तांनी ठरवायचे. त्याला माणूस म्हणून जागा देणे हे मात्र कथाकाराचे कर्तव्य आहे, आणि ते नावावाचूनही पार पाडता येते.

चित्रपटाची बाजू घेणारे एक समर्थ उत्तर देतात, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, या चित्रपटाने त्या दंतकथेतील हवा काढून घेतली. सैतानाचे दूत म्हणवून घेणारी ही मुले सुखवस्तू घरांत वाढलेली, बापाच्या पैशावर दुकान थाटणारी, एकमेकांवर छाप पाडण्यासाठी धडपडणारी पोरे होती, हे त्याने दाखविले. खुनाची दृश्येही त्यात दिमाखदार नाहीत. ती लांबलचक, ओबडधोबड आणि किळस आणणारी आहेत. हे सर्व आम्हांस मान्य आहे. एवढ्यावर चित्रपट थांबता तर आमची लेखणी उचलली गेली नसती. परंतु अखेरीस काय होते? मेलेला ऑर्सेथ प्रेक्षकाच्या हळहळीचीच खिल्ली उडवितो, आपण संगीताचा एक नवा प्रकार निर्माण केला अशी शेखी मिरवितो, आणि तुम्ही आयुष्यात काय केले, असे प्रेक्षकालाच दरडावून विचारतो. दोन तास ज्या फुग्याला टाचणी लावली तो शेवटच्या मिनिटात पुन्हा फुगविला जातो. प्रेक्षागृहातील सतरा वर्षांचा मुलगा कोणते वाक्य घेऊन घरी जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरा मुद्दा सत्याचा. चित्रपट आरंभीच जाहीर करतो की यात सत्यही आहे, असत्यही आहे आणि प्रत्यक्षात घडले तेही आहे. हे वाक्य चतुर आहे, पण ती पळवाट आहे. पडद्यावर विकर्नेस फांटोफ्टचे चर्च जाळताना दिसतो. प्रत्यक्षात न्यायालयाने त्याला होल्मेनकोलेन, शोल्ड आणि ओसाने येथील जाळपोळींसाठी दोषी धरले. फांटोफ्टच्या आगीबद्दल तो दोषी ठरला नाही. या इसमाचा कैवार घेण्याची आम्हांस तिळमात्र इच्छा नाही. त्याचे पुढील काळातील वंशद्वेषी लेखन तर घृणास्पद आहे. परंतु खुन्यालाही न केलेल्या, निदान सिद्ध न झालेल्या गुन्ह्यातून सूट मिळालीच पाहिजे. ज्याला ‘सत्यकथा’ या शब्दाची किंमत तिकीटखिडकीवर वसूल करायची आहे, त्याने त्या शब्दाचे ऋणही फेडले पाहिजे.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. हे गुन्हे मुळातच पाहिले जावेत म्हणून केलेले होते. जळालेल्या फांटोफ्टचे छायाचित्र ‘बुरझुम’च्या तबकडीच्या वेष्टणावर छापले गेले आणि त्या तबकडीबरोबर सिगारेट पेटविण्याचा लायटर भेट म्हणून दिला गेला. जानेवारी १९९३ मध्ये विकर्नेसने बर्गनच्या वृत्तपत्राला आपण होऊन मुलाखत दिली आणि त्यातूनच पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. ऑर्सेथने काढलेले डेडच्या प्रेताचे छायाचित्र १९९५ साली एका चोरट्या तबकडीचे मुखपृष्ठ झाले. येथे काडीपेटीच्या शेजारी कॅमेरा पहिल्यापासून होता. अशा वेळी चित्रपटकार जेव्हा ते छायाचित्र काढण्याचा प्रसंग रक्तामांसासह पुन्हा उभा करतो, तेव्हा तो त्या कृत्याची चिकित्सा करीत नाही; त्याची आणखी एक प्रत काढतो. एका आजारी मुलाचा शेवटचा एकांत त्याच्या मित्राने लुटला होता. ती लूट चित्रपटाने परत करायला हवी होती. कॅमेरा दाराशीच थांबविला असता तरी प्रेक्षकाला सर्व काही कळले असते.

हे अशक्य कोटीतील मागणे नव्हे, याचा पुरावा नॉर्वेतच आणि त्याच वर्षी मिळाला. २२ जुलै २०११ रोजी उटोया बेटावर एका बंदूकधाऱ्याने ६९ जणांना ठार केले. त्यावरील एरिक पोप यांचा चित्रपट २०१८ सालीच बर्लिन महोत्सवात आला. त्यात कॅमेरा काया नावाच्या एका मुलीची पाठ सोडत नाही. हल्ला चालला तितकीच ७२ मिनिटे, एकाच अखंड दृश्यात, आपण तिच्याबरोबर धावतो, लपतो, चिखलात पडून राहतो. मारेकरी दूरवर दिसणाऱ्या आकृतीपलीकडे जात नाही. कायाही कल्पित आहे. वाचलेल्यांशी बोलून पोप यांनी अशी पात्रे घडविली. म्हणजे कल्पनेचा आधार दोघांनी घेतला. एकाने कल्पना खर्चिली मारले गेलेल्यांसाठी, दुसऱ्याने त्यांच्यासाठी ज्यांनी आगी लावल्या आणि खून लपविले. दोघांत नैतिक अंतर पडते ते येथे.

आपल्या मराठी मुलुखाला हा प्रश्न परका नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यातील कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दहा जणांचे खून केले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. या प्रकरणाला मराठी जिभेने नाव दिले ते ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’. ही बळी गेलेल्या कुटुंबांची आडनावे आहेत. लोकभाषेची ही सहज सद्‌बुद्धी आम्हांस थोर वाटते. चित्रपटांनी मात्र ती राखली नाही. १९८६ च्या ‘माफीचा साक्षीदार’ने शीर्षकच टोळीतून फुटलेल्या साथीदाराला दिले, आणि प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला तो नाना पाटेकरांचा खुनी. पुढे अनुराग कश्यप यांनी ‘पाँच’ या आपल्या पहिल्या चित्रपटात याच प्रकरणावरून स्फूर्ती घेऊन मुंबईतील एका रॉक वाद्यवृंदाची कथा रचली. परिनिरीक्षण मंडळाशी झगडा होऊन तो अनेक वर्षे चित्रगृहांत आलाच नाही. परिणाम काय झाला? चोरट्या प्रतींतून तो फिरला आणि दंतकथा बनला. बंदीने प्रश्न सुटत नाही हे यावरून दिसावे. सुटेल तो कथाकाराच्या विवेकानेच, आणि त्या विवेकाला जागे ठेवणाऱ्या प्रेक्षकाच्या पसंती-नापसंतीने.

काइन आणि हाबेल यांच्या कथेत हाबेलच्या तोंडी एकही शब्द नाही. तरीही ती कथा काइनाची होऊन बसत नाही. कारण देव खुन्याला पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या भावाविषयी. जगातील पहिल्या खुनाची गोष्ट सांगणाऱ्याला जे साधले, ते आजच्या चित्रपटकाराला साधू नये असे कोणते कारण आहे? त्याने खुन्याला पडद्यावर अवश्य आणावे, त्याचे बालपण, त्याचा एकाकीपणा, त्याचा मूर्खपणा सारे दाखवावे. मात्र तो बोलू लागला की त्याला मध्येच अडवून त्याच्या भावाची चौकशी करावी. लिलेहामरच्या झाडीत पडलेल्या त्या माणसाविषयी अद्याप कोणी विचारलेले नाही.