डॉक्टरसाहेब, पुन्हा केव्हा पळू?

अपेंडिक्सची शस्त्रक्रिया आपल्यापैकी बहुतेकांना आता नित्याची वाटते. रुग्ण दाखल होतो, शस्त्रक्रिया होते, दोन-तीन दिवसांत तो घरी जातो. निघताना डिस्चार्ज कार्डावर आपण औषधे लिहितो, टाके दाखवायला यायची तारीख लिहितो आणि शेवटी दोन शब्द लिहितो : ‘विश्रांती घ्या’. हे दोन शब्द मी स्वतः शेकडो वेळा लिहिले आहेत. ते किती अपुरे आहेत, हे दोन रुग्णांनी मला शिकवले. त्या अनुभवावरून बनलेले माझे मत या स्मरणिकेच्या निमित्ताने सहव्यावसायिकांपुढे विचारार्थ ठेवीत आहे.

पहिला रुग्ण तारिहाळ परिसरातील एकोणीस वर्षांचा तरुण. सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळणारा. भरतीच्या मेळाव्यात १.६ किलोमीटरची धाव ही पहिली मोठी चाळणी असते आणि तिथे सेकंदांचा हिशेब होतो. त्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, कसलीही गुंतागुंत नव्हती. घरच्यांनी ‘विश्रांती’चा अर्थ आपल्या परीने लावला आणि त्याला जवळजवळ तीन महिने अंथरुणाच्या आसपासच ठेवले. मेळाव्याच्या दिवशी तो पहिल्या फेरीतच दमला. भरतीला वयाची मर्यादा असते. अशा मुलाची एक संधी गेली म्हणजे काय जाते, हे या सीमाभागात, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरा रुग्ण औद्योगिक वसाहतीतील हमाल. त्याचे अपेंडिक्स फुटलेले होते, पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागली, जखमेत पू झाला. त्यालाही मी तेच दोन शब्द लिहून दिले. दहाव्या दिवशी तो पोती उचलायला गेला, कारण ठेकेदार तेवढेच थांबायला तयार होता. काही महिन्यांनी टाक्यांच्या जागी हर्निया घेऊन तो परत आला. एकाने गरजेपेक्षा फार जास्त विश्रांती घेतली, दुसऱ्याने फारच कमी. दोघांच्या कार्डावरचे शब्द मात्र एकच होते. दोष रुग्णांचा नव्हता. चिठ्ठी अपुरी होती, आणि ती माझी होती.

दीर्घ विश्रांतीची ही परंपरा आली कुठून, हे पाहणे उद्बोधक आहे. १८८६ मध्ये रेजिनाल्ड फिट्झ यांनी या विकाराचे स्वरूप स्पष्ट केले, १८८९ मध्ये मॅकबर्नी यांनी दुखण्याचा तो प्रसिद्ध बिंदू दाखवला आणि १८९४ मध्ये स्नायू न कापता त्यांचे तंतू बाजूला सारून आत जाण्याची पद्धत वर्णिली. त्या काळात प्रतिजैविके नव्हती, भूल धोक्याची होती. १९०२ च्या जून महिन्यात राज्याभिषेक अवघ्या दोन दिवसांवर असताना इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या पोटातील गळू फ्रेडरिक ट्रीव्हज यांना काढावे लागले. तो राजा ९ ऑगस्टला, म्हणजे सुमारे साडेसहा आठवड्यांनी, राज्याभिषेकाला उभा राहिला, याचेच त्या काळी नवल होते. अशा काळात रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवणे हा सावधपणाच मानला जाई.

पण १९४० च्या दशकात अमेरिकेतील डॅनियल लाइटहाउझर यांनी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवून चालवावे, याचा आग्रह धरला. महायुद्धातील खाटांच्या टंचाईने त्यांच्या म्हणण्याला बळ दिले. १९६१ मध्ये अंटार्क्टिकावरील सोव्हिएत तळावर एकटेच डॉक्टर असलेले सत्तावीस वर्षांचे लिओनिद रोगोझोव यांनी स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच काढले आणि सुमारे दोन आठवड्यांत ते नेहमीच्या कामावर रुजू झाले. पुढे १९८० मध्ये कील येथे कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून दाखवले. शस्त्र बदलले, भूल बदलली, जखम लहान झाली. आपल्या तोंडचे वाक्य मात्र १९०२ सालचेच राहिले.

अतिविश्रांती निरुपद्रवी असते, असा एक गोड गैरसमज आपल्या मनात असतो. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीन दशकांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने नेली होती. सैन्यभरतीच्या त्या मुलाचे काय झाले, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

दुसरीकडे जखमेचा हिशेबही डोळ्यांआड करता येत नाही. त्वचेच्या जखमेची ताण सोसण्याची शक्ती तिसऱ्या आठवड्याअखेर मूळ शक्तीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ऐंशी टक्क्यांवर पोचते आणि पूर्ववत शंभर टक्के कधीच होत नाही. याचा अर्थ असा, की ‘जखम पूर्ण पक्की झाल्यावर पळा’ असे म्हणणाऱ्याने खरे तर ‘कधीच पळू नका’ असे म्हटले पाहिजे. आपण थांबतो ते पूर्ण शक्तीसाठी नव्हे. पुरेशा शक्तीसाठी थांबतो. ही पुरेशी शक्ती जखमेच्या आकारावर, जंतुसंसर्गावर, रुग्णाच्या पोषणावर आणि पुढे तो काय करणार आहे, यावर ठरते.

पोटातील दाबाविषयीही आपल्या कल्पना सैल आहेत. निरोगी तरुणांवरील मोजमापांत सर्वाधिक दाब आढळला तो उडी मारताना आणि जोराने खोकताना. हलके वजन गुडघे वाकवून उचलताना तो त्या मानाने बराच कमी होता. आपण रुग्णाला पाण्याची कळशी उचलू देत नाही, पण त्याचा धूम्रपानाचा खोकला आणि बद्धकोष्ठ यांकडे दुर्लक्ष करतो. धावणे म्हणजे लहान लहान उड्यांची मालिकाच होय. म्हणून चालणे पहिल्या दिवसापासून, पण धावणे पायरीपायरीने, हा नियम शरीरशास्त्रालाच धरून आहे.

गुंतागुंत नसलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर मी आता जो क्रम लिहून देतो, तो असा. पहिल्या आठवड्यात सपाट जागी दिवसातून चार-पाच वेळा दहा दहा मिनिटे चालणे. दुसऱ्या आठवड्यात सलग अर्धा तास चालणे आणि जिने चढणे. त्यानंतर तीन परीक्षा : अर्धा तास झपाझप चालून पोट दुखत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत नाही; वेदनाशामक गोळीशिवाय जोराने खोकता येते; आणि उजव्या पायावर हलकेच दहा उड्या मारता येतात. निदान करताना ज्या उडीने रुग्ण कळवळतो, तीच उडी बरे झाल्याची साक्ष देते. तिन्हींत उत्तीर्ण झाला, की तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट संथ पळणे, दोन मिनिटे चालणे, अशा दहा फेऱ्या एक दिवसाआड. चौथ्या आठवड्यात वीस मिनिटे सलग, पण शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पूर्वीचे अंतर, आणि त्याच्याही नंतर वेग व चढ. उणकल तळ्याच्या काठची सपाट वाट आधी, नृपतुंग बेट्टाची चढण नंतर, एवढे सांगितले तरी हुबळीकराला सारे समजते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल टाळावा. पाय घसरताना पोटाला बसणारा हिसका साध्या धावण्यापेक्षा वाईट असतो.

पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल, तर धावण्याची पहिली पायरी चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास येते. अपेंडिक्स फुटले असेल किंवा गळू झाले असेल, तर दिवस शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजूच नयेत. ताप गेला, जखम कोरडी झाली, प्रतिजैविके संपली, भूक परतली, त्या दिवसापासून मोजणी सुरू करावी.

धावणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. अपेंडिक्स बहुधा मांडी वर उचलणाऱ्या सोअस स्नायूच्या जवळ असते. म्हणून पहिल्या काही धावांत उजव्या जांघेत खोलवर ओढ जाणवू शकते. ती थोडी असेल आणि दिवसागणिक कमी होत असेल, तर घाबरू नये. दुसरी गोष्ट औषधांची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील औषधांमुळे टाचेमागील स्नायुबंध दुखावण्याचा व प्रसंगी तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याबद्दल ठळक इशारा द्यायला लावला. ही औषधे आपण सहज लिहितो. पण रुग्ण पळणारा आहे का, हे विचारतो का? टाच दुखू लागली तर धावणे थांबवून लगेच यावे, हे वाक्य चिठ्ठीत असलेच पाहिजे.

आणि थांबण्याच्या खुणाही तितक्याच स्पष्ट हव्यात. ताप, वाढती पोटदुखी, उलटी, सतत जुलाब, जखमेतून स्राव, खोकताना टाक्यांच्या जागी किंवा बेंबीजवळ येणारा फुगवटा. पाचव्या ते दहाव्या दिवसांत सुधारणा उलट्या दिशेने फिरली, तर आत पू साठल्याची शंका घ्यावी. अशा वेळी ‘थोडे पळल्याने दुखत असेल’ हे समाधान महागात पडते.

कोणी म्हणेल, मोठे खेळाडू तर किती लवकर परततात! आपल्या कर्नाटकचा के. एल. राहुल याला २ मे २०२१ रोजी अपेंडिक्सचा तीव्र विकार झाल्याचे निदान झाले. २० जुलैला तो इंग्लंडमध्ये सराव सामना खेळला व त्यात शतक केले आणि ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर १२९ धावा केल्या. मोटारशर्यतीतील कार्लोस साइन्झ याने तर मार्च २०२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर सोळाव्या दिवशी ऑस्ट्रेलियातील शर्यत जिंकली. एकाला अकरा आठवडे, दुसऱ्याला सोळा दिवस. यावरून कोणता आकडा खरा, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. अशा खेळाडूंच्या मागे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांचे पथक असते. आपल्या रुग्णामागे फक्त आपली चिठ्ठी असते. म्हणून ती अधिक नेमकी हवी.

इथे मला त्या हमालाकडे परत यावेसे वाटते. धावपटूला आपण आनंदाने आठवड्यांचा तक्ता समजावतो, कारण तो प्रश्न विचारतो. हमाल विचारत नाही. पण पोते पाठीवर घेऊन दिवसभर चढउतार करणे हाही देहाचा कस पाहणारा व्यायामच आहे, आणि त्याला पायऱ्यांची गरज धावपटूहून अधिक आहे. कामगार राज्य विमा योजनेत ज्याची नोंद आहे व ज्याने आवश्यक तेवढे दिवस वर्गणी भरली आहे, त्याला आजारपणात वेतनाच्या सत्तर टक्के दराने वर्षाला कमाल एक्याण्णव दिवसांपर्यंत लाभ मिळू शकतो. तो मिळणे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. ज्याची नोंद नाही, त्याच्या बाबतीत ‘सहा आठवडे जड वजन उचलू नये, हलके काम चालेल’ हे वाक्य निदान ठेकेदाराशी बोलण्याचे त्याच्या हातातले साधन ठरते. ‘विश्रांती घ्या’ या शब्दांनी त्याला काहीच मिळत नाही.

माझ्या मताला एक रास्त आक्षेप आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एवढे लिहायला वेळ कोठून आणायचा? आणि लिहून दिलेल्या आठवड्यांवर विसंबून रुग्णाने आगळीक केली, तर जबाबदारी कोणाची? पहिल्याचे उत्तर असे, की एकदाच छापलेला एक पानी तक्ता पुरेसा आहे. त्यावर तीन खुणा करायला अर्धे मिनिट लागते. दुसऱ्याचे उत्तर असे, की मोघम सल्ल्याने जबाबदारी टळत नाही. ती फक्त रुग्णाच्या अंगावर ढकलली जाते.

म्हणून आपल्या संस्थेने असा तक्ता कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत तयार करून हुबळी-धारवाडच्या आणि तारिहाळसारख्या कामगार वस्तीतील दवाखान्यांत पोचवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यात चारच गोष्टी असाव्यात : शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने झाली, रुग्ण पोटासाठी किंवा हौसेसाठी शरीराचे कोणते काम करतो, ते काम कोणत्या पायऱ्यांनी सुरू करायचे, आणि कोणत्या खुणा दिसताच थांबून परत यायचे.

तो तरुण पुढे दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीला लागला. एका सकाळी दवाखान्यात येऊन त्याने सहज विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, तेव्हा मी तिसऱ्या आठवड्यात पळायला लागलो असतो तर चाललं असतं का?’’ मी खरे ते सांगितले, ‘‘हो, चाललं असतं.’’ तो काही बोलला नाही. त्याच आठवड्यात मी तक्त्याचा पहिला मसुदा लिहायला घेतला.