प्लगइनचा खर्च कोणाच्या खाती?

बेंगळुरूसारख्या माहिती तंत्रज्ञानाच्या नगरीत एका सरकारी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी जावा प्लगइन बसवताना माझी एक अख्खी दुपार गेली होती. छोटा इन्स्टॉलर उरलेली फाइल महाजालावरून ओढत असे. लाइन तुटली की पुन्हा श्रीगणेशा. अखेर पूर्ण इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर आणला, ब्राउझर बंद करून तो चालवला, तेव्हा काम झाले.

२००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले. त्या वेगाने १५ एमबीच्या फाइलला, लाइन न तुटताही, सुमारे ८ मिनिटे लागतात. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ३६. हा वेळ कोणत्याही निविदेत दिसत नाही. कार्यालयाच्या हिशेबातून वगळलेला हा अनुपालनाचा खर्च नागरिकाच्या माथी बसतो.

क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा प्लगइनचा आधार काढून घेतला; २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. तरीही अनेक ठिकाणी स्वाक्षरीसाठी वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावेच लागते. आम्ही अधिकारी चाचणी घेतो ती मात्र कार्यालयातील वेगवान जोडणीवर. ई-सेवेला मंजुरी देणाऱ्याने ती आधी मंद जोडणीवर, कोणाच्याही मदतीविना, स्वतः वापरून पाहावी, एवढा साधा नियम करण्यास काय हरकत आहे?