वाघाला पूल, आजीला काय?

आपल्या अंकाच्या मराठी विभागात प्रेम, पाऊस आणि मेसची डाळ या तीन विषयांवर दरवर्षी भरपूर येतं. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतो. विषय आहे संडास. नाक मुरडू नका. सिव्हिलवाल्यांच्या सिलॅबसमध्ये तो असायला हवा होता आणि आम्हा मेकॅनिकलवाल्यांच्याही. मला तो शिकवला माझ्या आजीने, ताडोबाच्या गेटबाहेर, ऐन मे महिन्यात.

आमचं घर भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर. आजोबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आजी शाळेत बाई. दोघेही रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. रिटायर म्हणजे काय, तर आजोबांनी रेशन, लाईट बिल आणि बँक सांभाळायची आणि आजीने दर मे महिन्यात आत्याची दोन मुलं सांभाळायची. तर २०२४ च्या एप्रिलमध्ये एका रात्री जेवताना आजोबांनी जाहीर केलं, "या मेमध्ये मी आणि ही ओम्नी घेऊन जंगलं बघायला जाणार. ताडोबा, नवेगाव, पेंच."

घरात जे व्हायचं तेच झालं. बाबा म्हणाले, "विदर्भात? मेमध्ये? या वयात?" आई काही बोलली नाही. आत्या फोनवर म्हणाली, "मग पोरं कुणाकडे ठेवू?" (खरा आक्षेप हाच होता, बाकीचे सगळे शोभेचे.) आणि मी, घरातला एकमेव भावी इंजिनियर, मीसुद्धा विरोधातच होतो. इंजिन ७९६ सीसी, गाडीला एसी नाही, आणि ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे पंचेचाळीस डिग्रीत माणूस शेगडीवर बसून जाणार!

आजी शांतपणे म्हणाली, "पंचवीस वर्षं चौथीच्या पोरांकडून पाठ करून घेतलं मी. महाराष्ट्रातली राष्ट्रीय उद्यानं. आधी पाच होती, २००४ ला चांदोली झालं तेव्हा सहा. पोरं विचारायची, बाई, तुम्ही बघितलीत का? मी सांगायची, बोरिवलीचं बघितलंय."

आता बोरिवली आमच्यापासून तिसरं स्टेशन. आणि काशीमीऱ्याच्या बाजूला तर त्या उद्यानाची हद्द आमच्याच शहराला लागते. त्याला काय बघणं म्हणायचं? यावर घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. आजोबांचं कारण आणखी साधं होतं. ओम्नी २०१० ची, पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२५ ला संपणार. "गाडीची फिटनेस आहे आणि आमचीही आहे. दोन्हींचा भरवसा पुढच्या वर्षी कोण देणार?"

शेवटी तडजोड निघाली. माझी परीक्षा संपली की मी सेकंड ड्रायव्हर म्हणून जायचं. खरं तर मला पहारेकरी म्हणूनच पाठवलं होतं, पण सेकंड ड्रायव्हर म्हटलं की जरा बरं वाटतं.

तयारी मात्र आम्ही जोरात केली. अमेरिकेत म्हातारी जोडपी मोठमोठ्या मोटारघरांतून नॅशनल पार्क हिंडतात, आत पलंग, ओटा, सगळं काही. आम्हालाही तसंच काहीतरी हवं होतं. पण मागचं बाक काढून टाकायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मग आजोबांनी बाक तसंच ठेवून त्याच्यावर बसेल अशी प्लायवूडची घडीची फळी केली. आजोबांची उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे पाय दुमडून झोपता येत होतं. रेडिएटर साफ केला, नवा कूलंट, नवे टायर, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन. मी तर कागदावर उष्णतेचं गणितही मांडलं होतं. एवढं मन लावून मी कधी जर्नलसुद्धा लिहिलं नव्हतं.

२० मे ला ठाण्याचं लोकसभेचं मतदान होतं. ते केल्याशिवाय आजोबा हलायला तयार नव्हते. २१ ला पहाटे चारला बोटाला शाई घेऊन निघालो. समृद्धी महामार्ग तेव्हा इगतपुरीपासून सुरू व्हायचा, आमण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला. म्हणजे आमच्या नशिबी कसारा घाट होताच. समृद्धीवर मर्यादा १२० ची, आमची ओम्नी ८० ला थरथरायला लागते. आजोबा डावीकडची लेन धरून निवांत चालवत होते. उन्हं चढली की सावली शोधून थांबायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला नातेवाईकांकडे. पुढे वर्ध्याजवळ समृद्धी सोडून हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर करत २३ ला संध्याकाळी मोहर्लीला पोचलो. त्या रात्री बुद्धपौर्णिमा होती. जंगलात मचाणांवर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात ती हीच रात्र. आम्हाला मचाण मिळालं नव्हतं. आम्ही ओम्नीचं मागचं दार उघडून चांदणं बघत बसलो, आणि आजी एकटीच ताडोबाची माहिती सांगत होती. १९५५, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, जिल्हा चंद्रपूर. वर्गात म्हणायची त्याच चालीत.

आपली गाडी आत नेता येत नाही, जिप्सीच करावी लागते. मोबाईल गेटवर ठेवायचा. सकाळच्या सफारीत गवे, मोर आणि तळ्यात एक मगर. दुपारच्या सफारीत मात्र एका पाणवठ्यात वाघीण बसलेली दिसली. मागचं अर्धं अंग पाण्यात आणि तोंड आमच्याकडे. पाण्यात शिरताना वाघ पाठमोरा शिरतो असं गाईडने सांगितलं. जिप्सीत सगळे श्वास रोखून बसले होते. आजीच्या ओठांवरून मात्र जीभ फिरत होती. मला वाटलं, आनंदाने.

गेटबाहेर आलो आणि आजी बसली ती उठेचना. चक्कर, डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले. जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "दिवसभरात किती पाणी प्यायल्या?" मी ऐटीत सांगितलं, "गाडीत चाळीस लिटर पाणी आहे!" डॉक्टर म्हणाले, "गाडीत किती आहे ते नाही विचारलं."

आजी रात्रीपासून घोटभर पाणी प्यायली होती. आणि हे त्या एका दिवसाचं नव्हतं. केबिन रोड सोडल्यापासून चार दिवस हेच चाललं होतं. का? तर आदल्या दिवशी एका पेट्रोल पंपावर (नाव छापत नाही) संडासाला कुलूप होतं, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेला. त्याच्या आधीच्या ढाब्यावर दाराला कडी नव्हती. आणखी एका ठिकाणी आत पायच ठेवता येत नव्हता. गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही, ते वेगळंच. मी चिडून म्हणालो, "अगं आजी, मला सांगायचं ना!" ती म्हणाली, "काय सांगायचं रे तुला? बायका असंच करतात. प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. तुझी आईसुद्धा तेच करते."

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या आईबरोबर मी एकवीस वर्षं प्रवास करतोय.

मी इंजिनचं तापमान दर तासाला बघत होतो. कूलंट किती उरलंय ते मला पाठ होतं. मागच्या बाकावरचं माणूस पाण्यावाचून वाळत चाललंय हे मात्र माझ्या कुठल्याच गेजवर दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात सर्जिकलच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची घेतली, झाकणाच्या बादलीसकट. शेजारच्या दुकानातून जाड ताडपत्रीचं कापड. आजोबांनी मागच्या दाराला ते अशा तऱ्हेने लावलं की दार वर केलं की आपोआप खोली तयार व्हायची. बादली आम्ही रस्त्याकडेला कुठेही रिकामी करणार नाही, रात्रीच्या लॉजवरच करू, हे आजीने आधीच बजावून ठेवलं. आजी त्यानंतर पाणी प्यायला लागली. पुढे नवेगावला तळ्याकाठी ती दोन तास बसून राहिली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे होते, त्यांची पुस्तकं तिने शाळेच्या लायब्ररीत आणवून घेतली होती. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले तेव्हा तिने नवेगावचा तो फोटो फ्रेम करून घेतला.

तर मुद्दा हा की ओम्नीचं मोटारघर कशाने झालं? फळीने नाही, वाळ्याच्या पडद्यांनीही नाही, त्या खुर्चीने. परत आल्यावर मी अमेरिकन मोटारघरांबद्दल वाचलं तेव्हा हसूच आलं. त्यांचं गुपितही तेच. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक धुण्यापुसण्याच्या पाण्याची, एक मैल्याची. आणि ती दुसरी टाकी रिकामी करायला मुक्कामाच्या ठिकाणी नीट बांधलेली सोय असते. ती सोय नसेल तर आतला पलंग आणि ओटा घेऊन करायचं काय? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. चांगलं आहे. पण माझं मत विचाराल तर आधी साध्या एसटीने आणि साध्या ओम्नीने जाणाऱ्या म्हाताऱ्यांची सोय करा.

आणि "आपल्याकडे हे जमत नाही" असं मला कुणी सांगू नये, कारण पुढचा थांबा पेंच होता. नागपूर ते सिवनी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. रस्ता रुंद करताना वाघ-हरणांची वाट अडेल म्हणून तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना जाण्यासाठी नऊ जागी मोकळी वाट ठेवलीय, रस्ता वरून आणि जंगल खालून. सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा. प्राणी बिथरू नयेत म्हणून आवाज आणि दिवे अडवणारे पत्रेसुद्धा लावलेत. खाली कॅमेरे लावून बघितलं तर चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे आणि वाघ, सगळे वापरतात. हे काम मला मनापासून आवडलं, आपल्या देशातल्या इंजिनियरांनी अभिमान बाळगावा असं आहे. कुणीतरी कोर्टात गेलं, कुणीतरी अभ्यास केला, वाघ कुठून जातो, किती रुंद वाट लागते, कशाला घाबरतो, सगळं मोजलं, मग डिझाइन केलं.

मी आजीला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती खिडकीतून बघत म्हणाली, "छान केलंय. वाघाला विचारायला गेले म्हणजे."

माझा वाघावर राग नाही. माझा राग आहे तो आमच्या विचार करण्यावर. रस्त्याच्या डिझाइनमध्ये ब्रेक मारायच्या आधी ड्रायव्हरच्या प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरायचे असतात, हे आमच्या सिव्हिलच्या मित्रांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण सहासष्ट वर्षांच्या बाईला किती किलोमीटरवर थांबावं लागतं, हा आकडा कुणी विचारलाय? व्हायवाला आलाय कधी? मुंबईत बायकांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली तेव्हा लोक नावावरच हसले होते. मीही हसलो असतो.

आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट आठवा. स्मार्ट डस्टबिन, लाइन फॉलोअर, मागच्या बॅचची रिपोर्ट फाईल आणि नवं कव्हर. सरांना मान्य असेल तर आमच्या ग्रुपने यंदा ती खुर्चीच घेतलीय. ओम्नीसारख्या छोट्या गाडीत बसेल, गुडघेदुखीला चालेल, वास येणार नाही आणि बादली एकट्या बाईला उचलता येईल. वाटतं तेवढं सोपं नाही. बादलीचं वजन आणि उचलायची उंची यावरच आमचे दोन आठवडे गेले. एका परीक्षकाने आत्ताच विचारलंय की यात इंजिनियरिंग काय आहे. त्यांनी एकदा सहकुटुंब विदर्भात जाऊन यावं, मेमध्ये.

घरी मात्र फरक पडला. आत्याची मुलं त्या मेमध्ये त्यांच्या दुसऱ्या आजीकडे गेली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. ओम्नी आजोबांनी तपासणीला नेऊन रजिस्ट्रेशन वाढवून घेतली. गुगामल आणि चांदोली राहिलीत, आधी चांदोली असं ठरलंय. बाबा अजूनही "या वयात" म्हणतात, पण आता आई म्हणते, "मीपण येते."

आजीने एक वही केलीय. परतीच्या वाटेवर जिथे जिथे थांबलो तिथल्या संडासाला दहापैकी मार्क, शेजारी लाल पेनाने शेरा. ‘कडी आहे, पाणी नाही.’ ‘स्वच्छ, कमोड आहे, पुन्हा थांबावे.’ सगळ्यात जास्त मार्क एका छोट्या खानावळीला, दहापैकी नऊ. मागच्या सेमिस्टरला ती मला भेटायला हॉस्टेलवर आली होती तेव्हा वही पिशवीतच होती. आमच्या विंगला किती मिळाले ते इथे छापत नाही. रेक्टर सरांना हवे असतील तर मी रूमवरच आहे.