काडतूस सर्वांना ठाऊक, नळी कुणालाच नाही

१/ अमेरिकेतील शिकारी आपल्या पंप-ॲक्शन रायफलीची .३०-०६ ची नळी उतरवून .२७० ची बसवून घेतो, तेव्हा प्रश्न केवळ सोयीचा असतो. दोन्ही काडतुसे एकाच कुळातली आहेत. हिंदुस्थानात मात्र नळीचा व्यास कोणी ठरवायचा, हा दीर्घकाळ सत्तेचा प्रश्न होता. आजचा धागा त्याविषयी.

२/ रामटेकहून नागपूरला येताना कामठी लागते. इंग्रजांची ही छावणी १८२१ ची. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १३ जून १८५७ च्या रात्री नागपूरजवळच्या टाकळीतील घोडदळाने उठावाचा बेत केला; तो फसला आणि त्या घोडदळाची शस्त्रे काढून घेण्यात आली. कामठीच्या मद्रासी पलटणी कंपनीशी एकनिष्ठ राहिल्या. हा तपशील लक्षात ठेवा.

३/ चरबीच्या काडतुसाची कथा आपण शाळेत शिकतो. ते काडतूस १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचे. तिच्या नळीचा व्यास .५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिमी. आत सर्पिल खाचा होत्या. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडे, म्हणून लांबवर नेम साधे.

४/ उठाव शमल्यावर काय झाले, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. देशी शिपायांसाठी याच रायफलीच्या नळ्या आतून कोरून .६५६ इंचांच्या, म्हणजे सुमारे १६.७ मिमीच्या केल्या गेल्या. खाचा नाहीशा झाल्या. पल्ल्यानुसार उचलता येणारी नेमपट्टी काढून तेथे स्थिर खाच आली. हा १८५८ चा नमुना. कोरलेल्या नळ्या पातळ होऊन फुगू लागल्या, म्हणून १८५९ मध्ये जाड नळीचा नमुना निघाला. बाहेरून पाहिले तर बंदूक तीच. आतून तिची दृष्टी काढून घेतलेली.

५/ कोणी म्हणेल, गुळगुळीत नळी स्वस्त आणि साफ करायला सोपी. मान्य. पण मग गोऱ्या शिपायाची रायफल तशीच का राहिली? शिवाय ही बंदूक केवळ बंडखोरांच्या वाट्याला आली नाही. बंड न केलेल्या देशी पायदळालाही बहुतांशी तीच मिळाली. म्हणून माझे मत असे की, ती बंडाची शिक्षा नव्हती. ती दर्जाची वाटणी होती. निष्ठेने हा दर्जा बदलत नव्हता.

६/ हाच धागा पुढे चालतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, युरोपियनांना सूट दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या रायफलींच्या आयातीवर बंदी आली. त्या गोळ्या मार्टिनी-हेन्रीसाठी बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती. विलायती कारागिरांनी मग .४६५, .४७०, .४७५ अशी मापे पुढे आणली. वाघ-गव्यांच्या शिकारीची ही प्रसिद्ध मापे अशी बंडाच्या धास्तीतून रूढ झाली!

७/ पुढे पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी .३०३ ली-एन्फिल्डचे रूपांतर गुळगुळीत .४१० नळीच्या बंदुकीत झाले. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच गोळी. लष्करी .३०३ काडतूस तिच्यासाठी निरुपयोगी.

८/ स्वातंत्र्यानंतरही .३०३ सामान्य नागरिकाला वर्ज्यच राहिली, त्याच्यासाठी इशापूरची.३१५ आली. १९५९ च्या कायद्यानुसार बंदुकीत असे रूपांतर करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो. हे मला गैर वाटत नाही. शस्त्रावर राज्याचे नियंत्रण हवेच. फरक इतकाच की, आजच्या कायद्यात माणसाचा वर्ण पाहिला जात नाही. नियंत्रण आणि अपमान यांतील ही रेषा ओळखायला शिकणे, हाच इतिहासाचा उपयोग.

९/ रामटेकच्या उत्तरेचे रान आज पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचा काळ सरला. जुन्या बंदुका उरल्या त्या संग्रहालयांत. तेथे ‘बंदूक, एकोणिसावे शतक’ एवढ्या पाटीवर समाधान मानू नका. व्यास किती, खाचा आहेत की कोरून काढल्या, हे विचारा. काडतुसाने उठावाची ठिणगी सांगितली. राज्यकर्ते त्यातून काय शिकले, ते नळी सांगते.