भूलशास्त्राची दूरस्थ तालीम

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियागृहांची दारे बंद झाली, तेव्हा भूलशास्त्राकडे ओढा असलेल्यांसाठी अमेरिकेतील विद्यापीठांनी जे दूरस्थ अभ्यासक्रम सिद्ध केले, ते आपत्काळातील तात्पुरती तजवीज म्हणून जन्मास आले असले, तरी आपत्तीबरोबर त्यांनाही निरोप देणे हा विद्येचा अपव्यय ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण या शास्त्रातील कित्येक महत्त्वाच्या घडामोडी टेबलाशी उभे राहूनही दिसत नाहीत. भूलयंत्राच्या नळ्यांतून वाहणारे वायू अदृश्य असतात. फ्लोरिडा विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर उभारलेल्या आभासी भूलयंत्रात मात्र ते रंगीत कणांच्या रूपाने फिरताना दिसतात. आणि उच्छ्वासाची झडप बिघडली असता कार्बन डायऑक्साइड पुन्हा फुप्फुसांत कसा परततो, हे कोणाच्याही प्राणास धोका न पोहोचवता वाटेल तितक्या वेळा पडताळून पाहता येते.

परंतु पडद्याचा अधिकार येथेच संपतो. बेशुद्ध रुग्णाची जीभ मागे पडून श्वासमार्ग रोधला जात असता जबडा किती उचलावा, मुखवटा किती घट्ट धरावा, पिशवी दाबताना हाताला जाणवणारा विरोध कशामुळे येतो, हे ज्ञान बोटांत वसते आणि अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या उशाशीच प्राप्त होते. भूलतज्ज्ञांअभावी ग्रामीण भागात अडलेल्या मातांची सिझेरियन शस्त्रक्रिया खोळंबू नये, म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना प्राणरक्षक भूलकौशल्ये शिकवण्याची जी योजना आखली, तिची मूळ मुदत १८ आठवड्यांची होती आणि तीत मेडिकल कॉलेजात व जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते, हे या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे.

सबब, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने असा दूरस्थ अभ्यासक्रम अवश्य सुरू करावा, म्हणजे नंदुरबार वा गडचिरोलीच्या विद्यार्थ्यास मुंबईतील निष्णात अध्यापकांशी थेट चर्चा करता येईल, आणि पदव्युत्तर शाखा निवडण्यापूर्वीच या विद्येचे खरे स्वरूप त्याच्या ध्यानी येईल. मात्र शस्त्रक्रियागृहातील हजेरीवर वरिष्ठ भूलतज्ज्ञाची सही झाल्यावाचून कोणालाही दाखला देऊ नये. ज्या तालुक्यांत भूलतज्ज्ञ नसल्याने प्रसूतीच्या वेणांतील स्त्रीला दूरच्या शहरी धाडावे लागते, त्यांना अशाच दुहेरी तालमीतून तयार झालेल्या डॉक्टरांची गरज आहे.