बुडालेल्याचा हक्क आणि बुडवणाऱ्याचा कागद

मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेमारांग शहराच्या पूर्वेस, देमाक जिल्ह्यातील सायुंग विभागात तिम्बुलस्लोको नावाचे एक गाव आहे. आहे, असे म्हणावयाचे एवढेच. वृद्ध माणसे जेथे भाताची खाचरे आणि नारळाची झाडे होती असे सांगतात, तेथे आज समुद्र आहे. घरे पाण्यात उभी आहेत आणि एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यासाठी लाकडी फळ्यांची वाट बांधलेली आहे. भरतीचे पाणी घरात शिरू लागले की जमीन उंच करावयाची, भर टाकावयाची, फळ्यांची नवी तक्तपोशी घालावयाची, असे वर्षानुवर्षे चालले आहे. छप्पर मात्र होते तेथेच राहते. परिणामी कित्येक घरांत धडधाकट माणसाला वाकल्यावाचून शिरता येत नाही. दफनभूमीतही पाणी शिरले. माणसाने जिवंतपणी कोठे राहावे हा प्रश्न होताच, मेल्यावर कोठे जावे हाही प्रश्न झाला. शेजारच्या बेदोनो गावातील काही वाड्या तर यापूर्वीच उठून गेल्या आहेत.

या किनाऱ्यावर भरतीच्या पुराला ‘रोब’ म्हणतात. रोब हा निसर्गाचा कोप आहे, असे सांगण्याची एक सोयीस्कर प्रथा राज्यकर्त्यांमध्ये पडली आहे. अलीकडे त्या कोपाला ‘हवामानबदल’ हे शास्त्रीय नाव मिळाल्यापासून तर ही प्रथा अधिकच प्रतिष्ठित झाली. समुद्राची पातळी वाढते आहे यात शंका नाही. पण ती वर्षाला काही मिलिमीटरने वाढते, आणि सेमारांग-देमाकचा किनारा काही ठिकाणी वर्षाला दहा सेंटीमीटरच्या आसपास खचतो आहे. म्हणजे समुद्र जितका वर येतो त्याच्या कितीतरी पट जमीन खाली जाते. येथील गाळाची कोवळी भूमी आपल्या भाराने थोडीफार दबणारच. परंतु तिच्या पोटातील पाणी खोल कूपनलिकांनी उपसून घेतले की ती वेगाने बसते. हे पाणी कोण उपसतो? गावकरीही उपसतात, कारण त्यांना नळाचे पाणी पुरेसे मिळत नाही. पण सेमारांग ते सायुंग पट्ट्यातील कारखाने उपसतात ते नफ्यासाठी, आणि त्या नफ्याचा हिशेब लिहिताना खचलेल्या गावाची रक्कम कोणत्याच रकान्यात धरली जात नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि ते सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. १९८० नंतरच्या काळात निर्यातीच्या कोळंबीचे वेड जावाच्या किनाऱ्यावर पसरले. खारफुटी तोडून तळी खोदली गेली. काही वर्षे पैसा आला, मग रोग आले, तळी ओस पडली आणि लाटा अडविणारे झाडांचे कुंपण मात्र कायमचे गेले. २०१५ नंतर पर्यावरण संस्थांनी आणि सरकारने मिळून देमाकच्या किनाऱ्यावर झाडांच्या फांद्यांचे झिरपते बांध घालून गाळ साठविण्याचा व खारफुटी परत आणण्याचा प्रयोग केला. प्रयोग प्रामाणिक होता. पण ज्या भूमीखालचे पाणी रोज काढले जाते तेथे वरून गाळ साठवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणेच होय.

येथपर्यंतची कथा दुःखाची आहे. यापुढची कथा कायद्याची आहे, आणि ती अधिक चीड आणणारी आहे.

इंडोनेशियाचा जमीनविषयक मूलभूत कायदा १९६० सालचा. देशाच्या १९४५ च्या संविधानातील ३३ वे कलम भूमी, पाणी व नैसर्गिक संपत्ती राज्याच्या ताब्यात ठेवून ती जनतेच्या सर्वाधिक कल्याणासाठी वापरावी असे सांगते. जमिनीच्या प्रत्येक हक्काला सामाजिक कार्य असते, हे तत्त्व १९६० च्या कायद्याने त्याच आधारावर घातले. भूसुधारणेसाठी मध्य आणि पूर्व जावातील शेतकऱ्यांनी १९६३ ते १९६५ मध्ये जमिनी ताब्यात घेण्याची आंदोलने केली; १९६५-६६ च्या हत्याकांडात लाखो माणसे मारली गेली आणि त्यांच्याबरोबर भूसुधारणाही गाडली गेली. कायदा मात्र पुस्तकात राहिला. त्यातील समतेची कलमे निजली. पण एक कलम जागे राहिले. जमीन ‘नष्ट’ झाली तर तिच्यावरचा मालकी हक्क संपतो, हे ते कलम. २०२१ मध्ये सरकारने ‘नष्ट भूमी’ ठरविण्याची रीतसर पद्धतीच घालून दिली. मालकाला एक सवलत आहे: तो आपली बुडालेली जमीन स्वतः भर घालून पूर्ववत करू शकतो! ज्या कोळ्याला घराची जमीन हातभर उंच करण्यासाठी कर्ज काढावे लागते, त्याने जावाचा समुद्र बुजवावा, अशी ही उदारता आहे.

सेमारांग-देमाक पथकर मार्ग बांधताना या कलमाची उपयुक्तता दिसून आली. हा मार्ग सागरी भिंतीचेही काम करणार होता आणि त्याच्या आखणीत बुडालेली शेते व तळी येत होती. जमीन असती तर भरपाई द्यावी लागली असती. नष्ट भूमीला भरपाई नसते. म्हणून २०२२ मध्ये अध्यक्षीय आदेश काढून सद्भावनेची रक्कम देण्याची तरतूद झाली. तिला त्या भाषेत दयेच्या अर्थाचे नाव आहे. हक्काचे रूपांतर दयेत करण्यास फार मोठी तत्त्वचर्चा लागत नाही, एक व्याख्या पुरते.

आता याच बेटाच्या पश्चिम टोकाकडे, जाकार्ताच्या शेजारी बान्तेन प्रांतातील तांगेरांगच्या किनाऱ्याकडे पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये तेथील समुद्रात ३० किलोमीटरहून अधिक लांबीचे बांबूचे कुंपण असल्याची गोष्ट देशभर गाजली. मच्छीमारांना वळसा घालून जावे लागत होते आणि इंधनाचा खर्च वाढत होता. मग त्याहून मोठे आश्चर्य बाहेर आले. कोहोद गावाच्या हद्दीत, समुद्रावर, बांधकाम हक्काची २६३ प्रमाणपत्रे आणि मालकीची १७ प्रमाणपत्रे दिली गेली होती. हे विरोधकांनी नव्हे, खुद्द जमीन खात्याचे मंत्री नुस्रोन वाहिद यांनी २० जानेवारीस जाहीर केले. त्या २६३ पैकी २५४ प्रमाणपत्रे दोन कंपन्यांच्या नावे होती. हे कुंपण नौदलाने आणि मच्छीमारांनी मिळून उपटून काढले, हेही नमूद केले पाहिजे.

या कागदांच्या समर्थनार्थ काय सांगण्यात आले? येथे पूर्वी तळी होती, ती समुद्राने खाल्ली! तर्क ओळखीचा वाटत नाही काय? तिम्बुलस्लोकोचा शेतकरी नेमके हेच सांगतो. तो म्हणतो, ही माझी जमीन होती, ती समुद्राने घेतली. आणि त्याला उत्तर मिळते की, म्हणूनच तुझा हक्क संपला. कोहोदला हेच वाक्य हक्क संपविण्यासाठी नव्हे, तो निर्माण करण्यासाठी वापरले गेले. एकच समुद्र गरिबाला बुडवितो आणि धनिकाला भूखंड देतो. मंत्र्यांनी पुढे कोहोदची जागा ‘नष्ट भूमी’ ठरवून बरीच प्रमाणपत्रे रद्द केली हे खरे. पण ती गाजावाजा झाला म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये कागदपत्रांच्या बनावटीबद्दल चार संशयित ठरले. त्यांत गावप्रमुख आणि गावचा चिटणीस होते. एवढी प्रमाणपत्रे एका गावकचेरीतून समुद्रावर उगवली, यावर ज्याला विश्वास ठेवावयाचा त्याने खुशाल ठेवावा.

विशेष म्हणजे हा धडा त्या देशाने एकदा शिकला होता. २००७ च्या किनारा कायद्याने किनारी पाण्यावर खाजगी हक्क देण्याची सोय केली होती. मच्छीमार व नागरी संघटना न्यायालयात गेल्या, आणि २०११ मध्ये संविधान न्यायालयाने ती सोय ३३ व्या कलमाच्या आधारेच रद्द केली. म्हणजे संविधानाचा शब्द अगदीच निर्जीव नाही. तो धरणारे संघटित हात लागतात. तिम्बुलस्लोकोच्या बाबतीत मागणी याच शब्दाच्या बळावर करता येते. जी जमीन माणसाच्या कृतीने खचली तिला निसर्गाने नष्ट केलेली जमीन म्हणू नये. तिच्या मालकाचा हक्क पाण्याखालीही टिकावा. भरपाई दयेची नव्हे, हक्काची असावी. स्थलांतर करावयाचे तर समुद्राजवळ, होड्या नांगरता येतील अशा जागी, सारे गाव एकत्र वसवून. आणि कारखान्यांचा भूजलउपसा प्रथम थांबवावा, कारण तो चालू असेपर्यंत बाकीचे सारे तात्पुरते आहे.

सरकारची दृष्टी मात्र भिंतीवर आहे. अध्यक्ष प्रबोवो यांनी बान्तेनपासून पूर्व जावातील ग्रेसिकपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरच्या महाकाय सागरी भिंतीची योजना मांडली. खर्चाचा अंदाज ८० अब्ज डॉलर. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर किनाऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणही नेमले गेले. भिंतीच्या आतील भूमी उद्या कोरडी होईल, तेव्हा तिच्यावरचा जुना मालक कोण, हे कोणत्या वहीत पाहिले जाईल? आणि ज्या गावांना भिंत आपल्या समुद्राकडील बाजूस सोडून पुढे जाईल, त्यांच्या लाकडी वाटांची दुरुस्ती कोणत्या खात्यातून होणार?